निखाऱ्यांवरचा स्वयंपाक आणि जयणा

थंडी सुरू झाली की शेतघरावर किंवा बंगल्याच्या अंगणात कोळशाच्या शेगडीवर भाजून खाण्याची टूम तरुण मंडळींमध्ये निघतेच. ‘बार्बेक्यू’ हे नाव नवे असले तरी प्रकार नवा नाही. मारवाडात बाटी गोवऱ्यांच्या निखाऱ्यांतच भाजली जात असे आणि महाराष्ट्राच्या शेतांत हुरड्याची आगटी आजही पेटते. घरातील ज्येष्ठांना या हौसेची धास्ती वाटते, ती अकारण नाही. परंतु घरी नकार मिळालेला मुलगा मित्रांसोबत हॉटेलात जातो आणि तेथील जाळीवर आधी काय भाजले गेले, याची खात्री कोण देणार? तेव्हा हौस घरी आणावी, मात्र नियमांसह आणावी, हाच मार्ग शहाणपणाचा.

श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत पहिलेच नाव अंगारकर्माचे आहे. ‘उपासकदशांग’ सूत्रात आनंद श्रावकाच्या व्रतांच्या प्रकरणी ही यादी येते. कोळसा पाडून विकण्यासारखे, अग्नीच्या मोठ्या आरंभावर चालणारे धंदे त्यात मोडतात. घरची एखादी शेगडी म्हणजे असा धंदा नव्हे, तरी तेउकायाची विराधना तिच्यातही आहेच. म्हणून लागेल तेवढाच अग्नी, तोही डोळ्यांत तेल घालून, ही जयणेची पहिली अट. विशेष म्हणजे चांगले भाजणे जमण्यासाठीही नेमकी हीच अट पाळावी लागते. नवशिक्यांचे पदार्थ बहुधा मोठ्या आगीमुळेच बिघडतात.

प्रथम कोळशाचा विचार. दगडी कोळसा खाद्यपदार्थांसाठी मुळीच वापरू नये; त्यातील गंधकाचा धूर अन्नाला लागतो. लाकडी कोळसा लवकर पेटतो, परंतु त्याच्या ठिणग्या उडतात. नारळाच्या करवंटीपासून केलेल्या कोळशाच्या विटा सावकाश पेटतात, मात्र धूर कमी करतात आणि आच बराच वेळ एकसारखी देतात. त्यासाठी झाड तोडावे लागत नाही, हा आणखी एक लाभ. पाच-सहा माणसांच्या भाज्या आणि पनीर यांसाठी सव्वा ते दीड किलो कोळसा पुरतो. पोत्यातील कोळशात मुंग्या व कोळी घर करतात. म्हणून तो दिवसाउजेडी ताटात पसरून, चाळून पाहावा. शेगडी, तिची जाळी आणि खालची जमीन पूंजणीने पूंजून घ्यावी. शेगडी भाड्याने किंवा वापरलेली आणू नये.

पेटवण्यासाठी रॉकेल वा पेट्रोल कदापि वापरू नये. पेट्रोलच्या वाफेचा भडका क्षणात अंगावर येतो आणि रॉकेलचा वास अन्नातून जात नाही. कोळशाचा लहान ढीग रचावा, त्याखाली खाद्यतेलात भिजवलेला कागद ठेवून तो पेटवावा आणि शेगडीची झरोके उघडी ठेवावीत. दोन्ही बाजूंनी उघडे, मध्ये जाळी असलेले पत्र्याचे नळकांडे मिळाल्यास काम अधिक सोपे होते. वर कोळसा, खाली कागद, बाकीचे हवाच करते.

यानंतरची वीस ते तीस मिनिटे नवशिक्याच्या परीक्षेची. ज्वाला दिसताच सळया वर ठेवण्याचा मोह होतो. ज्वालेवर पदार्थ बाहेरून काळा पडतो आणि आत कच्चा राहतो. ज्वाला शमून कोळशावर करड्या-पांढऱ्या राखेचा पातळ थर आला म्हणजेच निखारे तयार झाले. जाळीच्या वर वीतभर अंतरावर तळहात धरावा. दोन-तीन सेकंदांत हात मागे घ्यावा लागला तर आच तीव्र, चार-पाच सेकंद धरवला तर मध्यम समजावी. निखारे शेगडीच्या एकाच अर्ध्या भागात पसरावेत आणि दुसरा अर्धा भाग मोकळा ठेवावा. तीव्र बाजूवर रंग आणावा, मोकळ्या बाजूवर पदार्थ शिजू द्यावा. तेलाचा थेंब पडून भडका उडाल्यास पाणी शिंपडू नये. सळई मोकळ्या बाजूला सरकवावी, भडका आपोआप बसतो.

पदार्थांची निवड अवघड नाही. ढोबळी मिरची, टोमॅटो, पनीर, उकडून घेतलेले कच्चे केळे आणि अननस यांवर पहिले दोन-तीन प्रयोग उत्तम होतात. भाजी अखंड भाजू नये. चिरून, आतून निरखून मगच सळईला लावावी. मक्याच्या कणसाची पाने पूर्ण सोलून दाणे तपासावेत. पनीरचे तुकडे दीड इंचाचे ठेवावेत आणि प्रत्येक बाजूस दोन-तीन मिनिटांहून अधिक वेळ देऊ नये, अन्यथा ते चिवट होतात. बाटी मोकळ्या बाजूवर, झाकण ठेवून, उलटत-सुलटत अर्ध्या तासात होते. जळून काळा झालेला भाग मात्र काढून टाकावा.

मसाल्यात एक गोष्ट हटकून निसटते. बाजारी पाककृतींत आले-लसूण तर असतेच, ते वगळण्याचे भान घरोघरी असते. परंतु पनीरला लावायच्या दह्यात बेसन घालण्याची रीत आहे आणि कच्चे दही व बेसन एकत्र आले की द्विदलाचा दोष लागतो. यावर दोन उपाय आहेत. बेसनाऐवजी मक्याचे पीठ घ्यावे, किंवा दही मंद आचेवर ढवळत चांगले गरम करून, मगच त्यात बेसन मिसळावे. हिंग, जिरे, सुंठ, आमचूर, काळे मीठ आणि मिरी एवढ्यावर चव उत्तम येते.

आता वेळेचा हिशेब. बार्बेक्यू म्हणजे रात्रीचाच कार्यक्रम, हा समज सोडावा. डिसेंबरात पुण्या-मुंबईकडे सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो, नागपूरकडे साडेपाचच्या सुमारास. सूर्यास्तापूर्वी दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे, जेवण आटोपायचे तर पुण्यात पाच वाजून दहा मिनिटांपर्यंत पाने उठायला हवीत. त्यासाठी साडेतीनला शेगडी पेटवावी, चारला भाजण्यास आरंभ करावा आणि साडेचारला पंगत बसावी. चौविहारही पाळला जातो आणि उजेडावर झेपावणारे रात्रीचे कीटकही वाचतात. पावसाळ्यात, चातुर्मासात, जीवोत्पत्ती अधिक असताना ही हौस बाजूलाच ठेवावी.

सर्वांत गंभीर बाब हवेची आहे. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना रंग, ना वास. धूर दिसेनासा झाल्यावरही तो निघतच असतो. त्यामुळे बंद गॅलरी, वाहनतळ, कनातीचा बंदिस्त मांडव किंवा खोली येथे शेगडी पेटवू नये. जेवणानंतर ऊब मिळावी म्हणून विझत आलेली शेगडी घरात आणणे तर जिवावर बेतते. उत्तर भारतातून दर हिवाळ्यात अशा मृत्यूंच्या बातम्या येतात आणि त्यांत माणसे बहुधा झोपेतच गेलेली असतात. डोके दुखू लागले, मळमळले किंवा गरगरले तर तत्काळ उघड्यावर यावे आणि डॉक्टरांना गाठावे. शेगडीपाशी एक जबाबदार प्रौढ अखेरपर्यंत थांबावा आणि लहान मुलांना दोन हात दूर ठेवावे.

शेवटी आवरणे. निखाऱ्यांवर पाणी ओतू नये. तप्त वाफेने हात भाजतो, शेगडीचा पत्रा तडकतो आणि अप्कायाचीही विराधना होते. झाकण लावून सर्व झरोके बंद केली की हवेअभावी निखारे शांत होतात. उरलेला कोळसा पुढच्या वेळी वापरता येतो. चोख वहीत शिल्लक पुढे ओढली जाते, तसाच. राख मात्र पूर्ण एक दिवस पत्र्याच्या झाकणाच्या डब्यातच ठेवावी. वरून थंड दिसणाऱ्या राखेत आतवर निखारा जिवंत असतो आणि प्लास्टिकच्या कचरापेटीला आग लागायला तेवढा पुरतो.

ज्या घरी मोकळे अंगण नाही किंवा दुपारचा वेळ देणे शक्य नाही, त्यांनी गॅसवरचा तवा खुशाल वापरावा. त्यात उणेपणा नाही. ज्यांना या सोयी आहेत, त्यांनी पहिल्या दिवशी पाहुणे बोलावू नयेत. घरच्या चार माणसांपुरता अर्धा-पाऊण किलो कोळसा पेटवावा, एक भाजी आणि पनीर भाजावे आणि सूर्य मावळण्याआधी शेगडी झाकावी.