फ्रीलान्सर म्हणायचं आणि हजेरीही घ्यायची?

विलेपार्ले पूर्वेला आम्ही नऊ जण छोट्या दुकानदारांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवतो. अशा स्टार्टअपमध्ये काम वाढलं की एक प्रश्न हमखास येतो. नवीन माणूस नोकरीवर घ्यायचा की फ्रीलान्सर म्हणून? माझ्या ओळखीतल्या तरुण उद्योजकांचं उत्तर बहुतेक ठरलेलं असतं : "फ्रीलान्सर दाखव, पीएफची कटकट नको."

मला हे पटत नाही. हा निर्णय मालकाच्या सोयीवर नाही, कामाच्या स्वरूपावर व्हायला हवा. मुस्लिम तरुणांनी तर याचा जास्तच विचार करायला हवा, कारण या व्यवहारात आपण दोन्ही बाजूंना आहोत. सच्चर समितीने २००६ मध्येच दाखवून दिलं होतं की आपल्या समाजात स्वयंरोजगाराचं प्रमाण जास्त आणि नियमित पगाराच्या नोकऱ्यांचं कमी आहे. शिलाई असो, जरीकाम असो, 'नगावर पैसे' ही पद्धत आपण घराघरात पाहिली आहे. आता तीच पद्धत लॅपटॉपवर आली आहे. पूर्वी शर्टामागे पैसे मिळायचे, आता रीलमागे मिळतात.

कायदा काय म्हणतो? सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊसचा खटला यासाठी माहीत असावा. या दुकानातल्या शिंप्यांना नगावर मजुरी मिळे, कामाचे तास ठरलेले नव्हते, न आल्यास रजेचा अर्जही लागत नसे. मालकाचं म्हणणं होतं, हे माझे नोकर नाहीत. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं नाही. शिलाईची यंत्रं दुकानाची होती आणि काम मनासारखं झालं नाही तर ते नाकारून पुन्हा शिवायला लावण्याचा अधिकारही दुकानाकडेच होता. म्हणून ते कामगार ठरले. करारात काय लिहिलं यापेक्षा ताबा कुणाचा, हे महत्त्वाचं.

हीच कसोटी आपल्या ऑफिसला लावून पाहा. मुलगा रोज दहाला येतो, तुमच्या लॅपटॉपवर काम करतो, सुट्टीसाठी तुम्हाला विचारतो, दुसऱ्याचं काम घेतलं तर तुम्ही रागावता. मग तो फ्रीलान्सर कसा? फी म्हणून टीडीएस कापला, एवढ्याने नोकरीची फ्रीलान्सिंग होत नाही.

खरं फ्रीलान्सिंग वाईट नाही. लोगो करून देणारी डिझायनर स्वतःच्या वेळेत, स्वतःच्या साधनांवर, चार ग्राहकांचं काम करत असेल तर ती स्वतंत्र व्यावसायिक आहे. तिला तसंच वागवा. पण दोन गोष्टी विसरू नका. पहिली, नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, मालकाचा असतो. फ्रीलान्सरने लिहिलेल्या कोडचा तसा आपोआप तुमचा होत नाही, लेखी हस्तांतर करून घ्यावं लागतं. उद्या गुंतवणूकदार आला की तो आधी हाच कागद मागेल. दुसरी, उद्यम नोंदणी असलेल्या छोट्या व्यावसायिकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. फ्रीलान्सिंग करणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, उद्यम नोंदणी मोफत आहे. आजच करा.

"पण आमच्याकडे पैसेच नाहीत," असं उत्तर येईल. ही अडचण खरी आहे, पण भीती तिच्याहून मोठी आहे. पीएफची सक्ती साधारणपणे २० माणसं झाल्यावर येते. पाच जणांच्या ऑफिसने पीएफच्या भीतीने माणसाला फ्रीलान्सर दाखवण्यात अर्थ नाही. उलट मालक आणि कर्मचारी दोघांची तयारी असेल तर त्याआधीही पीएफमध्ये जाता येतं. काम वर्षभर टिकेल की नाही याची खात्री नसेल तर ठरावीक मुदतीची नोकरी द्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनुसार अशा कर्मचाऱ्याला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनांना हा नियम लागू होतो.

नियुक्तीपत्र आणि पगाराची स्लिप द्यायला तर काहीच खर्च नाही. घेणाऱ्यासाठी मात्र ते मोठं असतं. कर्ज मागताना, पुढची नोकरी शोधताना हेच कागद लागतात. मुंबईत खोली शोधताना आपल्या मुलांना आधी नाव विचारलं जातं, मग कमाईचा पुरावा. नावाचं आपण लगेच काही करू शकत नाही. पुरावा तरी आपल्या हातात आहे.

आमच्या पार्ल्याने कारखानाही पाहिला आहे. १९२९ मध्ये सुरू झालेला पार्लेचा बिस्किट कारखाना २०१६ मध्ये बंद झाला. तेव्हा उरलेल्या कामगारांना स्वेच्छानिवृत्ती मिळाली. ती पुरेशी होती का यावर वाद घालता येईल. पण ती मागता आली, कारण ते कागदावर कामगार होते. स्टार्टअप तर कारखान्यापेक्षा लवकर बंद पडतात. तेव्हा 'फ्रीलान्सर' मुलाच्या हातात काय उरतं? व्हॉट्सॲपवरचे मेसेज.

आपल्याकडे अजून एक अडचण आहे. माणूस मोहल्ल्यातला, मामूंचा मुलगा, नाहीतर मित्राचा भाऊ असतो. "घरचाच आहे, कागद कशाला?" असं म्हटलं जातं. मी म्हणतो, घरचा आहे म्हणूनच कागद हवा. तो पगार वाढवून मागायला लाजतो, थकलेले पैसे मागायला त्याहून जास्त लाजतो. व्यवहार लिहून ठेवावा ही शिकवण आपल्याला नवी नाही. आपण ती उधारीला लावतो, मेहनतीला लावत नाही.

समान हक्कांसाठी आपण सरकारकडे मागणी करतो आणि ती केलीच पाहिजे. पण चार माणसांचं का होईना, आपलं ऑफिस असेल तर तिथे हक्क देणारे आपणच असतो. पुढच्या महिन्यात कुणाला कामावर घेणार असाल तर आधी स्वतःला विचारा : याच्या वेळेवर ताबा कुणाचा? उत्तर 'माझा' असेल तर नियुक्तीपत्र द्या. 'त्याचा' असेल तर लेखी करार करा, पैसे वेळेवर द्या आणि हजेरी मागू नका.