कँडी रंग आणि काळी ट्रंक

१९७० ची डॉज चॅलेंजर, १/२५ प्रमाणातली. माझं मत स्पष्ट आहे: तिच्यावर मेटल फ्लेक मारू नये. खऱ्या गाडीवरचा अर्ध्या मिलिमीटरचा चमकीचा कण मॉडेलवर तसाच बसला, तर त्या मापात तो साडेबारा मिलिमीटरचा होतो. म्हणजे बॉनेटवर शर्टाची बटणं पसरल्यासारखं! प्रमाण रंगालाही असतं, हे आपले मॉडेलवाले मित्र विसरतात.

त्यापेक्षा कँडी मारा. आधी चंदेरी थर, त्यावर पारदर्शक जांभळा, एअरब्रशचे पातळ पातळ हात. प्रकाश रंगातून आत जातो, चांदीवरून परततो, म्हणून खोली दिसते. डॉजचा त्या वर्षीचा 'प्लम क्रेझी' कँडी नव्हता, हे कबूल. पण हौसेला कारखान्याची परवानगी कशाला? एनडीएत बूट चमकवताना शिकलेला संयम इथे कामी येतो.

तेजपूरला जुलैत तोच सुटला. दमट हवेत लॅकर मारला आणि बॉनेट दुधाळ झालं. "बाबा, गाडीला धुकं लागलं," मुलगी म्हणाली. कोरड्या दिवशी पुन्हा बसलो, दोघं.

यंदाच्या बदलीत काळ्या ट्रंकेत दार खरचटलं. कँडीत डागडुजी होत नाही. वरून मारलेला हात तेवढ्या जागी गडद होतो, ठिगळ दिसतं. अख्खी बॉडी उतरवून नव्याने रंगवायची, हाच उपाय. पण त्या दारावरचे तीन हात मुलीचे आहेत आणि ती आता हॉस्टेलला असते. सुट्टीत येईल तेव्हा तिला विचारेन. तोवर थिनरची बाटली बंद.