गावात नेट पोहोचलं, दुरुस्तीवाला कधी पोहोचणार?

धारणी तालुक्यातलं हरिसाल आठवतं का? 2016 मध्ये राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्टने मेळघाटातलं हे गाव देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून पुढे आणलं. 2019 च्या लोकसभा निवडणुकीत राज ठाकरे यांनी भर सभेत याच गावाची चित्रफीत दाखवली आणि हरिसाल राज्यभर वादाचा विषय झालं. ते राजकारण बाजूला ठेवू. यंत्रं बसवायला बाहेरून माणसं येतात, पण बिघडल्यावर हात लावणारं गावात कोण आहे, हा प्रश्न मेळघाटापुरता नाही. अकोट, तेल्हारा, दर्यापूर, कुठंही विचारा.

2011 मध्ये मंजूर झालेली ऑप्टिकल फायबरची योजना 2015 पासून भारतनेट म्हणून ओळखली जाते. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्राने पुढच्या टप्प्यासाठी 1.39 लाख कोटी रुपये मंजूर केले. घरोघरी जोडणी देण्यासाठी स्थानिक उद्यमींना कमाईत वाटा देण्याची सोयही त्यात आहे. म्हणजे काम गावातल्याच पोराला मिळू शकतं. पण त्याला ते यायला तर पाहिजे!

आज काय होतं? पीक विम्याचे शेवटचे दिवस असतात, सेवा केंद्रासमोर रांग असते आणि नेट बंद पडतं. केंद्रचालक डबी बंद-चालू करून पाहतो, मग तालुक्याला फोन लावतो. खरं तर अर्धं निदान त्या डबीवरच लिहिलेलं असतं. एलओएसचा लाल दिवा लुकलुकत असेल तर बहुतेक वेळा फायबर तुटली किंवा वाकली आहे. रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तोडणं काही नवं नाही. तिथं जोडणीचं यंत्र घेऊन माणूसच यावा लागतो. पीओएनचा दिवा स्थिर असेल आणि तरी नेट नसेल, तर दोष राउटरच्या सेटिंगमध्ये, तारेत किंवा कंपनीकडे शोधायचा. साधी लॅन केबलही 100 मीटरपलीकडे भरवशाची नाही. शाळेतून ग्रामपंचायतीत तार ओढताना हे विसरलं, की वर्षभर 'नेट स्लो आहे' ही रड.

दुसरं काम दारात येऊन उभं आहे. विंडोज 10 ची मोफत सुरक्षा दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 ला बंद केली. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 लागतं आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे बहुतेक प्रोसेसर त्यात बसत नाहीत. शाळा, सोसायट्या, सेवा केंद्रांतले जुने डबे फेकायचे का? सगळे नाही. एसएसडी टाकून, रॅम वाढवून, लिनक्स बसवून बरेच वर्ग-कामाला चालतील. मात्र बँकेचे आणि आधारचे व्यवहार जुन्या विंडोजवर रेटणं धोक्याचं. त्यात उन्हाळ्यातलं व्होल्टेजचं खाली-वर होणं, म्हणजे एसएमपीएस आणि यूपीएसची बॅटरी जाणं हे वऱ्हाडात नेहमीचंच.

मोबाईल दुरुस्तीची दुकानं चौकाचौकात झाली, संगणकाची का नाही? एक कारण आपलंच आहे. 'कॅम्प्युटर शिकला' म्हणजे एमएस-सीआयटी केलं, असं आपण धरून चालतो. तो कोर्स संगणक वापरायला शिकवतो. आयटीआयमधला 'कोपा'ही मुख्यतः चालवण्याचा आणि प्रोग्रॅमिंगचा. दुरुस्तीचा ट्रेड वेगळा आहे, कॉम्प्युटर हार्डवेअर अँड नेटवर्क मेंटेनन्स, मुदत एक वर्ष, पात्रता दहावी पास. पोट्टे ऑनलाइन अर्जात नावं सारखी दिसली म्हणून कोपा टाकतात आणि मग स्क्रू-ड्रायव्हर हातात आला नाही म्हणून कुरकुरतात.

हा ट्रेड प्रत्येक आयटीआयमध्ये नसतो. त्यामुळे दहावीनंतर पर्याय भरण्याआधी जवळच्या संस्थेत जाऊन दोन गोष्टी विचाराव्यात: ट्रेड आहे का, आणि प्रयोगशाळेत फायबर जोडणीचं यंत्र व चालू स्थितीतले संगणक आहेत का.