अमेरिका तेवढीच लांब, मग प्रवासाचे तास का वाढले?

मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर सुमारे 12,500 किलोमीटर. विमानाचा वेग ताशी 900 किलोमीटर धरला तर भागाकार सांगतो 14 तास. प्रत्यक्षात जाताना 16 तासांच्या आसपास लागतात, येताना त्याहून कमी. कारण वारा. 30 ते 40 हजार फुटांवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. जाताना ते अंगावर येतात, येताना पाठीशी असतात.

हा फरक जुनाच आहे. नवा फरक सीमांनी पाडलाय.

पहलगाम हल्ल्यानंतर 24 एप्रिल 2025 रोजी पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं. भारतानेही त्याच महिन्यात तसंच उत्तर दिलं. नंतर ही मुदत महिन्यामहिन्याने वाढत गेली. सगळ्यात जास्त फटका दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना बसला. त्यांना आधी दक्षिणेला उतरून, अरबी समुद्रावरून वळसा घालावा लागतो. एअर इंडियाच्या अमेरिकेच्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्ना, कोपनहेगनला थांबावं लागलं. दिल्ली-वॉशिंग्टन सेवा 1 सप्टेंबर 2025 पासून थांबवली गेली. कंपनीने त्यासाठी विमानांची कमतरता आणि हा वळसा, अशी दोन कारणं दिली.

हिशोब साधा आहे. तास वाढले की इंधन जास्त. इंधन जास्त भरलं की विमान जड, म्हणजे माल किंवा प्रवासी कमी घ्यायचे, नाहीतर वाटेत थांबायचं. दोन्हीकडे तोटाच. 2019 मध्ये बालाकोटनंतर पाकिस्तानचं आकाश जवळपास साडेचार महिने बंद होतं. तेव्हा 2 जुलैपर्यंत एकट्या एअर इंडियाला 491 कोटींचा फटका बसल्याचं सरकारने संसदेत सांगितलं होतं.

मुंबईकरही यातून सुटलेले नाहीत. 13 जून 2025 ला इस्रायल-इराण संघर्ष पेटला आणि मुंबईहून लंडनला निघालेलं विमान अर्ध्या वाटेतून परत मुंबईला आलं.

कंपनीचा तोटा ताळेबंदात दिसतो. प्रवाशाचा कुठेच दिसत नाही. बेळगाव, गोवा, इंदूर, बडोदा इथून अमेरिकेला थेट विमान नाही. आधी मोठा विमानतळ गाठावा लागतो. स्वस्त पडतं म्हणून अनेक घरं दोन तिकिटं वेगवेगळी काढतात. परतीचं विमान तीन तास उशिरा आलं आणि पुढचं बेळगावचं विमान सुटलं, तर दुसऱ्या कंपनीवर काहीच जबाबदारी नसते. नवं तिकीट स्वतःच्या खिशातून. सगळा प्रवास एकाच पीएनआरवर असेल तर पुढच्या विमानात जागा देणं कंपनीचं काम ठरतं.

शिवाय भारतात पहिल्या विमानतळावरच इमिग्रेशन आणि कस्टम्स होतं. बॅगा घ्यायच्या, बऱ्याचदा टर्मिनल बदलायचं. दोन तासांत हे उरकेल हा भरवसा आता धोक्याचा आहे. वेगळीच तिकिटं काढायची असतील तर मध्ये सहा-सात तास ठेवलेले बरे.

तिकीट काढताना किलोमीटर बघून उपयोग नाही. वेळ किती, वाटेत थांबा आहे का आणि पीएनआर एक आहे की दोन, एवढं आधी बघावं.