झरा नगराचा, विसावा धनिकांचा

इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागातील बाथ हे शहर ज्या पाण्यामुळे जगाला ठाऊक आहे, ते पाणी कोणाही भांडवलदाराने निर्माण केलेले नाही. मेंडिपच्या टेकड्यांवर हजारो वर्षांपूर्वी पडलेला पाऊस भूगर्भात खोलवर मुरला, तेथील उष्णतेने तापला आणि वाटेतील खनिजे विरघळवून घेत शहराच्या मध्यभागी वर येतो आहे. दररोज सुमारे ११ लाख ७० हजार लिटर पाणी, तेही सुमारे ४६ अंश सेल्सिअस तपमानाचे! ते तापवायला कोळशाचा एक तुकडाही लागत नाही. निसर्गाच्या या देणगीत दोन तास डुंबण्याचे तिकीट मात्र आज चाळीस पौंडांहून अधिक आहे. ब्रिटनमध्ये २०२५ साली प्रौढ कामगाराचे किमान वेतन तासाला १२.२१ पौंड ठरले. म्हणजे तेथील हॉटेलात खोल्या झाडणाऱ्या स्त्रीला दोन तासांच्या विसाव्यासाठी तीन तासांहून अधिक राबावे लागेल. जे कोणी उत्पन्न केले नाही त्यावर केवळ ताब्याच्या बळावर मिळणाऱ्या उत्पन्नाला अर्थशास्त्रात ‘खंड’ म्हणतात. रिकार्डोने तो जमिनीच्या संदर्भात विशद केला. बाथमध्ये तो विश्रांतीवर आकारला जातो.

“हे चैनीचे ठिकाण आहे, चैनीला दाम पडणारच,” असे यावर सांगितले जाते. इतिहास मात्र याच्या अगदी उलट साक्ष देतो.

रोमनांनी इसवी सनाच्या पहिल्या शतकात येथे सुलिस मिनर्व्हा देवीचे मंदिर आणि स्नानगृहे बांधली. उत्खननात शिशाच्या पातळ पत्र्यांवर कोरलेले सुमारे १३० शापलेख सापडले आहेत. त्यांतील कित्येक तक्रारी स्नानाच्या वेळी चोरीस गेलेल्या अंगरख्यांविषयी आणि किरकोळ चीजवस्तूंविषयी आहेत. ज्यांच्या दिमतीला कपडे राखणारे गुलाम होते, त्यांना देवीकडे धाव घेण्याचे कारण कमीच असणार. अंगावरचे वस्त्र गेले की ज्यांचे सर्वस्व गेले, अशी माणसेही या पाण्यात उतरत होती, असाच निष्कर्ष त्यातून निघतो.

सोळाव्या शतकात रुग्ण आणि भिकारी बाथकडे इतके लोटले की, १५७२ च्या कायद्याने तेथे जाणाऱ्या गरीब रोग्यावर परवाना घेण्याची सक्ती केली. पुढे १७३९ साली पार्लमेंटने कायदा करून गरीब रुग्णांसाठी इस्पितळ मंजूर केले आणि १७४२ साली त्याची दारे उघडली. हेच पुढे ‘मिनरल वॉटर हॉस्पिटल’ म्हणून प्रसिद्धीस आले. या परोपकारात वर्गहित मुळीच नव्हते असे नाही. रस्त्यावरचे भिकारी उमरावांच्या नजरेआड करण्याचा हेतूही त्यात होता. येणाऱ्या रुग्णाला अनामत रक्कम ठेवावी लागे. बरा झाला तर परतीच्या प्रवासासाठी, मेला तर दफनासाठी! तरीही एक तत्त्व त्यातून मान्य झाले: ज्याच्याजवळ दाम नाही, त्याचाही या पाण्यावर अधिकार आहे.

या इस्पितळाच्या दप्तरात श्रमिकांच्या इतिहासाचे एक महत्त्वाचे पान आहे. रंगारी, नळकाम करणारे, शिसे हाताळणारे कारागीर हातापायांचा पक्षाघात होऊन तेथे येत. तो शिशाच्या विषबाधेचा परिणाम होता. त्यांपैकी बरेच जण सुधारून परत जात. गळ्यापर्यंत पाण्यात बसल्याने मूत्रपिंडांचे कार्य वाढते आणि शरीरातील शिसे अधिक प्रमाणात बाहेर पडते, असे १९८० च्या दशकातील प्रयोगांत दिसून आले. हा गुण खनिजांचा की केवळ बुडून बसण्याचा, हा वाद तज्ज्ञांनी घालावा. परंतु एक गोष्ट वादातीत आहे. इस्पितळात असेपर्यंत हा कारागीर विषारी कामापासून दूर राही, त्याला नियमित अन्न मिळे आणि सक्तीची विश्रांती मिळे. म्हणजे ज्या धंद्याने त्याला पंगू केले, त्या धंद्यापासून सुटका हाच उपचाराचा अर्धा भाग होता.

१९४८ साली हे इस्पितळ राष्ट्रीय आरोग्य सेवेत आले. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, खिशाकडे न पाहता, सांधेदुखीने जखडलेल्या माणसाला गरम झऱ्याचा उपचार मिळू लागला. १९७६ साली शहराच्या स्नानगृहांतील ही सोय बंद झाली. पाठोपाठ १९७८ साली तेथे पोहलेल्या एका मुलीचा पाण्यातील अमीबाच्या संसर्गाने मृत्यू झाला आणि स्नानगृहांना कुलपे लागली. मानवी जीव गेल्यावर ती बंद करणे योग्यच होते. परंतु नवी विंधनविहीर खोदून शुद्ध पाणी मिळवणे शक्य होते आणि ते १९८० च्या दशकात केलेही गेले. तरी नवे स्नानगृह उघडायला २००६ साल उजाडले. अठ्ठावीस वर्षांच्या या खंडानंतर झरा परत आला, पण रुग्ण परत आला नाही. त्याच्या जागी ग्राहक आला.

या स्नानगृहाचा जमाखर्च अभ्यासण्याजोगा आहे. सुमारे ४ कोटी ५० लाख पौंड खर्च झाला. मूळ अंदाजाच्या तिपटीहून अधिक. त्यात राष्ट्रीय लॉटरीचा, म्हणजे बहुतांशी सामान्यांच्या खिशातून आलेला पैसा होता आणि नगरपरिषदेचा, म्हणजे करदात्यांचा पैसा होता. झरे नगरपरिषदेचे, भांडवलाचा मोठा वाटा जनतेचा, व्यवस्थापन आणि तिकीटखिडकी मात्र खाजगी कंपनीकडे. २०१५ साली शहरातील एका जुन्या इस्पितळाच्या इमारतीत पंचतारांकित हॉटेल सुरू झाले आणि झऱ्याचे पाणी त्याच्या अंतर्भागात खेळवले गेले. मिनरल वॉटर हॉस्पिटलचे काम २०१९ साली शहराबाहेरील मोठ्या रुग्णालयाच्या आवारात हलवण्यात आले. त्याची ऐतिहासिक वास्तू विकली गेली आणि तिचेही हॉटेल करण्याची योजना पुढे आली. रुग्णशय्येची जागा पाहुण्यांच्या पलंगाने घेतली. याहून स्पष्ट वर्गांतर कोणते असू शकेल?

खाजगीकरणाचे समर्थक दोन युक्तिवाद करतात. पहिला असा की, सार्वजनिक संस्थांना असे उद्योग चालवता येत नाहीत. परंतु जवळच असलेले प्राचीन रोमन स्नानगृहांचे संग्रहालय तीच नगरपरिषद स्वतः चालवते आणि त्यातून तिला भरघोस उत्पन्न मिळते. दुसरा युक्तिवाद असा की, गरिबाला औषध द्यावे, विश्रांती कशाला? फ्रान्समध्ये डॉक्टरांच्या शिफारशीने १८ दिवसांचा जलोपचार मिळतो आणि त्याच्या खर्चाचा वाटा सामाजिक विमा उचलत आला आहे. तेथेच १९३६ साली लोकआघाडीच्या सरकारने दोन आठवड्यांची पगारी रजा दिली. सोव्हिएत संघाने तर विश्रांतीचा हक्क त्याच वर्षीच्या राज्यघटनेत लिहिला. आरोग्यधामांच्या चिठ्ठ्या वाटताना पक्षातील वरिष्ठांना झुकते माप मिळे, हा त्या व्यवस्थेचा दोष झाकण्याचे कारण नाही. पण वाटप विषम झाले म्हणून हक्क खोटा ठरत नाही. वाटप लोकशाही पद्धतीने व्हावे, एवढेच त्यातून सिद्ध होते.

भारतीय वाचकाने हा प्रश्न परका मानू नये. आपल्या राज्यघटनेच्या ४३ व्या अनुच्छेदात कामगाराला निर्वाहवेतनाबरोबरच फुरसतीचा पूर्ण उपभोग मिळावा, असे मार्गदर्शक तत्त्व नमूद आहे. निर्वाहवेतनासाठी चळवळीने मोर्चे काढले. फुरसतीसाठी किती काढले? वीटभट्टीवरील मजूर, ऊसतोडणी कामगार, घरकामगार स्त्रिया यांच्या मागण्यांच्या यादीत फुरसत शेवटीही येत नाही, कारण चैन मागण्याचा संकोच आपल्याच मनात आहे. हा संकोच मालकवर्गाच्या सोयीचा आहे.

सार्वजनिक पाणी म्हणजे काय, हे महाराष्ट्राला शिकवावे लागू नये. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केलेला सत्याग्रह याच प्रश्नावर होता. तळे कायद्याने खुले होते, पण जातीने बंद होते. उद्या एखादा झरा कायद्याने खुला आणि तिकिटाने बंद होऊ शकतो. तानसा नदीच्या परिसरात वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी येथे गरम पाण्याची कुंडे आहेत, कोकणातही आहेत. पर्यटन विकासाच्या नावाखाली अशा जागांचे करार होतील, तेव्हा कार्यकर्त्यांनी तीन प्रश्न विचारले पाहिजेत. पाण्याची मालकी कोणाची? गुंतवलेला पैसा कोणाचा? आणि आत पाऊल टाकण्याचा अधिकार कोणाला? पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर ‘जनता’ असेल, तर तिसऱ्याचे उत्तर ‘ग्राहक’ असता कामा नये. आठवड्यातील ठरावीक दिवस नाममात्र दर, रुग्णांना चिठ्ठीवर प्रवेश आणि तेथे राबणाऱ्यांना निर्वाहवेतन, एवढ्या अटी तरी ग्रामसभेच्या ठरावात आणि करारात आधीच घालून घेतल्या पाहिजेत. करारावर सह्या झाल्यानंतर काढलेल्या मोर्चाला कुंपणाबाहेरच थांबावे लागते.