चिथावणी कोणाची आणि जागृती कोणाची?

शब्दांनाही जाती लावण्याची आमच्या देशात जुनी खोड आहे. कुणब्याने कुणब्यास हक्काची गोष्ट सांगितली की ती 'चिथावणी'. तीच गोष्ट एखाद्या पगडीवाल्याने व्यासपीठावरून सांगितली की ती 'जागृती'. कृष्णाने अर्जुनास लढावयास उठवले, तो उपदेश. आणि गावच्या शिकल्या पोराने कुळास कबुलायत वाचून दाखवली, तर त्याने म्हणे माणसे चिथावली! हा कोणत्या गावचा न्याय?

शेतकरी बंधूंनो, हे 'चिथावणे' क्रियापद जरा उलटेपालटे करून पाहा. त्यात करणारा एकटा चिथावणारा. ज्यास चिथावले तो जणू बैल. पराणी टोचली की चालला. त्यास पोट नाही, डोके नाही, दुःख नाही. म्हणून आम्ही म्हणतो की ही शिवी पुढाऱ्यास लागण्याआधी तुम्हांआम्हांस लागते. शिवाय तीत धन्याची मोठी सोय आहे. 'आमची कुळे सुखात होती, बाहेरच्याने बिघडवली' असे एकदा म्हटले की खंड इतका जड का, वेठ कशाबद्दल, ह्याचा जबाब देणे टळते.

आपल्या घरचा शब्द 'चेतवणे' हा आहे. माणगाव तालुक्यात राब भाजणाऱ्या कोणासही विचारा. ओला पाला कितीही फुंकला तरी पेटत नाही. लोहार भाता ओढतो, पण विस्तव भात्यात नसतो, कोळशात असतो.

ह्याची साक्ष आपल्याच जिल्ह्यात आहे. माणगावाशेजारच्या महाडास १९२७ साली डॉ. आंबेडकरांच्या मागून लोक चवदार तळ्यावर गेले. पाणी पिण्यास चिथावणी लागत नाही, तहान लागते. अलिबाग तालुक्यातील चरी येथे १९३३ साली नारायण नागू पाटलांच्या शब्दावर कुळांनी संप केला आणि १९३९ पर्यंत खोत-सावकारांच्या जमिनी कसल्या नाहीत. कोणाच्या गोड जिभेपायी माणूस बायकापोरांसह सहा वर्षे हाल सोसतो काय? १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे बिल आणले; १९३८ च्या जानेवारीत हजारो शेतकरी मुंबईस कौन्सिलावर चालून गेले; आणि १९४९ च्या कायद्याने खोती मोडली. तेव्हा काल ज्यास चिथावणी म्हटले, त्याचाच उद्या कायदा होतो.

कुलाब्याचे नाव १९८१ साली रायगड झाले, खोत गेले, पण शब्द गेला नाही. २००८ साली पेणकडील २२ गावांना सेझसाठी जमीन देता का, असा कौल विचारावा लागला, तो शेतकरी आधी उठला म्हणूनच. माणगावाकडेही आता कारखान्यांसाठी जमिनी मागितल्या जातात. कोणी मोबदल्याचा हिशेब विचारला, सातबारा नीट वाचा म्हणाला, की 'लोकांस भडकवतो' ही ओरड ठरलेलीच.

खरी चिथावणी जगात नाहीच, असे आमचे म्हणणे नाही. ती आहे, आणि ती ओळखण्याच्या खुणाही आहेत. चिथावणारा कानात सांगतो, चेतवणारा चावडीवर सांगतो. चिथावणारा शेजाऱ्याच्या घराकडे बोट दाखवतो, चेतवणारा दप्तरातल्या कागदाकडे. लाठी पडते तेव्हा चिथावणाऱ्याची पोरे शहरात शिकत असतात, चेतवणाऱ्याची तुमच्या रांगेत उभी असतात. जातीच्या नि धर्माच्या नावाने गरिबास गरिबावर घालणारा तो चिथावणारा. त्यास मात्र पुष्कळदा हारतुरे मिळतात!

तेव्हा सुतार, कुंभार, कुणबी, आगरी बंधुभगिनींनो, पुढच्या वेळी 'तुम्हांस कोणी चिथावले?' असे कोणी विचारील, तेव्हा मान खाली घालू नका. खंडाची पावती, जमिनीचा उतारा आणि रिकामी कणगी त्याच्यापुढे ठेवा आणि सांगा, आम्हांस ह्यांनी उठवले.