अहवालावर चूल पेटत नाही

सांगली-मिरज रस्त्यावरील विश्रामबाग हा या जिल्ह्याच्या विद्याक्षेत्राचा कणा. १९१९ साली स्थापन झालेले विलिंग्डन महाविद्यालय आणि १९४७ साली सुरू झालेले वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय याच परिसरात उभी आहेत. अशा प्रत्येक शिक्षणसंकुलातून दरवर्षी पदवीधर बाहेर पडतात. त्यांची नावे स्मरणिकेत छापली जातात. मात्र वसतिगृहाच्या खानावळीतून रोज बाहेर पडणाऱ्या खरकट्याची नोंद कोठेच होत नाही. ते घंटागाडीत गेले की विद्वज्जनांची जबाबदारी संपते. शहराचा कचरा समडोळी आणि बेडग रस्त्यांवरील डेपोंवर वर्षानुवर्षे साचत आला. त्याची दुर्गंधी सोसली ती शेजारच्या शेतकऱ्यांनी, पदवीधरांनी नव्हे.

मग संकुलातच बायोगॅस का करू नये, हा प्रश्न निघतो. समिती बसते, ‘व्यवहार्यता अहवाल’ तयार होतो आणि तो कपाटात विसावतो. वास्तविक, हे तंत्र चालते की नाही हा प्रश्न आपल्या देशात केव्हाच निकालात निघाला आहे. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात १८९७ मध्येच मैल्यापासून निघणारा वायू उपयोगात आणला गेला. म्हणजे या विद्येचा आपल्याकडील एक आरंभ संस्थेच्या आवारातच झाला. जशभाई पटेल यांचा तरंगत्या टाकीचा आराखडा खादी ग्रामोद्योग आयोगाने १९६२ पासून गावोगावी नेला, १९८१-८२ मध्ये राष्ट्रीय प्रकल्प सुरू झाला आणि घरगुती संयंत्रांच्या संख्येत महाराष्ट्र देशात अग्रभागी राहिला. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेने पिष्टमय खरकट्यावर चालणारे छोटे संयंत्र घडविले. त्याला २००६ चा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. भाभा अणुसंशोधन केंद्राचे ‘निसर्गऋण’ संयंत्रही ओल्या कचऱ्यासाठीच आहे. खेड्यातील गृहिणी शेण कालवून जे चालविते, ते अभियंते घडविणाऱ्या संस्थेला ‘तपासून पाहावे’ लागते, यातील विसंगती कोणाच्या लक्षात येत नाही काय?

तरीही हिशेब प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. समजा, वसतिगृहात ५०० विद्यार्थी आहेत आणि दरडोई २०० ग्रॅम ओला कचरा निघतो. म्हणजे रोज १०० किलो. त्यातून साधारणतः ८ ते १० घनमीटर वायू मिळेल. एका घनमीटरची उष्णता जेमतेम ०.४५ किलो एलपीजीएवढी. याचा अर्थ १९ किलोचे एक व्यावसायिक सिलिंडर सुमारे पाच दिवसांनी वाचेल. पाचशे जणांचा दोन वेळचा स्वयंपाक एवढ्यावर होणार नाही. एखाद-दुसरी शेगडी चालेल. उद्घाटनाच्या व्यासपीठावरून ‘इंधन-स्वावलंबी संकुला’ची घोषणा करणारे म्हणूनच लोकांची दिशाभूल करतात.

परंतु एवढ्याच आकड्यावर बोट ठेवून ‘परवडत नाही’ असा शेरा मारणारे अधिक मोठी दिशाभूल करतात. वाचलेले सिलिंडर जमेस धरायचे आणि न वाहून न्यावा लागलेला कचरा, न पसरलेली दुर्गंधी, बागेला व शेताला मिळालेले खत मात्र शून्य धरायचे, हा कोणता हिशेब? २०१६ च्या घनकचरा नियमांनी रोज १०० किलोंहून अधिक कचरा करणाऱ्या संस्थांना मोठे कचरानिर्माते ठरविले आणि मोठ्या संस्थांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा अशी अपेक्षा ठेवली. शिकविणाऱ्यांनी हा धडा आधी गिरवायला हवा होता.

खरी अडचण टाकीत नाही, टाकीपाशी उभ्या राहणाऱ्या माणसात आहे. संयंत्रातील जिवाणू दिवाळीची सुटी घेत नाहीत. वसतिगृह ओस पडले की त्यांची उपासमार होते. उघडले की एकदम लोटलेल्या खरकट्याने टाकी आंबते आणि वायू थांबतो. सुटीत शेण घालून संयंत्र जिवंत ठेवता येते. दुधाचा मोठा व्यवसाय असलेल्या सांगली जिल्ह्यात शेणाचा दुष्काळ नाही. दुष्काळ आहे तो रोज सकाळी प्लास्टिक वेचून, कचरा बारीक करून, पाणी कालवून टाकीत ओतणाऱ्या जबाबदार हातांचा. अहवालात यंत्राची किंमत असते, या हातांचे वेतन नसते.

त्याहून अवघड अडथळा मनातला आहे. माणशी रोज सुमारे ०.०३ घनमीटर वायू मैल्यापासून मिळतो. पाचशे विद्यार्थ्यांमागे हा १५ घनमीटर होतो, म्हणजे खरकट्यापेक्षा अधिक! देहूचे डॉ. सुहास विठ्ठल मापुसकर यांनी शौचालयाला जोडलेले ‘मलप्रभा’ संयंत्र लोकांपर्यंत नेण्यासाठी आयुष्य वेचले. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. तुकोबांच्या गावातील हे उदाहरण समोर असताना सुशिक्षितांना अशा चुलीवरचे अन्न विटाळलेले वाटावे? विटाळाची ही कल्पना ज्यांनी टाकली नाही, त्यांनी समरसतेवर व्याख्याने देऊ नयेत. अर्थात फ्लशचे भरमसाट पाणी आणि फिनेल यांमुळे जुन्या इमारतींत हे साधणे कठीण. नव्या वसतिगृहांच्या आराखड्यात मात्र त्याचा विचार झालाच पाहिजे.

‘नॅक’च्या गतवर्षांतील प्रश्नावलीत पर्यायी ऊर्जेच्या यादीत बायोगॅस संयंत्र हा एक पर्याय होता. रकान्यात खूण करण्यासाठी उभारलेले संयंत्र तपासणी समिती परतली की गंजू लागते. असे बंद संयंत्र नुसते निरुपयोगी नसते, धोकादायक असते. गाळ काढण्यासाठी आत उतरलेल्या कामगाराला प्राणवायू मिळत नाही आणि हायड्रोजन सल्फाइड क्षणात घात करतो. संस्थेच्या दिखाऊपणाची किंमत त्या गरिबाने प्राणांनी का मोजावी?

म्हणून व्यवहार्यतेच्या अहवालाने पाच गोष्टींची उत्तरे द्यावीत. रोज कचरा कोण घालणार? त्याचे वेतन कोणत्या खात्यातून? सुटीत टाकीला काय मिळणार? स्लरी कोण नेणार? माणूस आत न उतरविता गाळ कसा निघणार? कृष्णाकाठी २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिल्यानंतर टाकीची जागा पूररेषेबाहेर आहे काय, हेही तपासावे. उत्तरे नसतील तर साधे कंपोस्ट खत करावे. त्यात कमीपणा नाही. उत्तरे असतील तर समित्या पुरे झाल्या. पहिल्या दिवशी शेणकाला विरजणासारखा टाकीत पडावा आणि तो कालविण्यासाठी कुलगुरू, प्राचार्यांपासून विद्यार्थ्यांपर्यंत सर्वांनी बाह्या सरसावाव्यात.